खुर्चीला हात न लावता

स्वयंपाकघरात पडले मी, आणि व्यायाम लागला आमच्या ह्यांच्या मागे. यात काही वावगं आहे असं तेव्हा मला वाटलं नाही. ह्यांनाही वाटलं नसावं, कारण ते काही बोलले नाहीत. तसे ते एरवीही फारसं बोलत नाहीत.

पडले म्हणजे काही धाडकन नाही. सिंकखाली पाणी सांडलं होतं. पाय सरकला आणि मी हळूच खाली बसले, कोणीतरी खांदा दाबून बसवावं तशी. लागलं काही नाही. हाडं शाबूत, डोकं शाबूत, जीभ तर शाबूतच. फक्त उठता येईना. मी हाका मारायला सुरुवात केली. हे खिडकीपाशी टेबलावर कोणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून, डोळ्याला भिंग लावून बसले होते. जन्मभर घड्याळजी. दुकान विकलं, पण टेबल, भिंग आणि बसायची सवय तेवढी घरी घेऊन आले. दोनतीन हाका झाल्यावर दारात उभे राहिले.

"अगं, खाली काय करतेयस?"

"हवा खातेय. हात द्या."

हात दिला. ओढलं. मी बोटभर वर आले आणि ह्यांचा श्वास वर अडकला. पुन्हा ओढलं, तर ह्यांचेच गुडघे वाकले आणि हे माझ्या समोर येऊन बसले. झालं. दोघं फरशीवर समोरासमोर, पत्ते खेळायला बसल्यासारखे. मी ह्यांच्याकडे बघत होते, हे माझ्याकडे. सिंकच्या पायाशी असलेलं ऊन सरकत सरकत दारापर्यंत गेलं. मी ओट्याखालचं पातेलं ओढून घेतलं आणि झाकणाने फरशीवर बडवायला लागले, खालच्या मजल्यावर पोस्टमन राहतो म्हणून. त्याने ऐकलं होतं. पण त्याला वाटलं, आमचं भांडण चाललंय. सभ्य माणूस, दोघांच्या मध्ये कशाला पडा म्हणून गप्प राहिला.

शेवटी आला. दाराला कडी घातलेली नव्हती हे नशीब. हा पोस्टमन निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण सकाळी जुन्या रस्त्यावरून फेरी मारून येतो. खांद्यावर पिशवी नाही इतकाच फरक. त्याने आधी मला उचललं, मग ह्यांना. वजनदार पार्सल उचलावं तसं, गुडघ्यात वाकून, तोंडाने हूं सुद्धा न करता.

"वहिनी, मुलीला कळवू का?"

"खबरदार! एक अक्षर नाही."

संध्याकाळच्या आत कळवलं. जन्मभर निरोप पोचवायची सवय, ती अशी जाते थोडीच.

त्या दिवशी मला ह्यांचा असा राग आला म्हणून सांगू! नवरा असून उपयोग काय, बायको फरशीवर पडलीय आणि ह्यांना तिला उठवता येत नाही. सगळं आयुष्य स्टुलावर बसून काढलं. मांड्यांच्या काठ्या झाल्या होत्या. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबायचे आणि थांबलो ते दम लागला म्हणून नव्हे, असं दाखवायला भिंतीवरच्या विजेच्या मीटरकडे बघत राहायचे. मी मात्र जन्मभर उभी होते. हॉस्पिटलच्या लाँड्रीत इस्त्रीला. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट. वाफेत उभं राहून राहून पोटऱ्या फुगल्या, पण बसले नाही. घरी येऊन पुन्हा ओट्याशी उभीच. हे बसून म्हातारे झाले, मी उभी राहून, असं मी चारचौघांत सांगायचे आणि लोक हसायचे.

मुलगी पुढच्या सुट्टीला आली. ती दुसऱ्या शहरात राहते. तीही हॉस्पिटलातच आहे, पण इस्त्रीला नाही. पडलेल्या, ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्यांना पुन्हा उभं करायचं, चालवायचं, हे तिचं काम. प्रवासातून आली ती चपला न काढताच खुर्चीत बसली. डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिचीही पन्नाशी जवळ आली, हे मी विसरते.

"आई, तीन मजले आहेत. लिफ्ट नाही. पोस्टमनकाका त्या दिवशी गावाला गेले असते तर?"

"नव्हते ना गेले."

"माझ्याकडे तळमजल्यावरची खोली रिकामी आहे. दोघं या. मी आता हे रोज डोक्यात घेऊन कामाला जाऊ शकत नाही."

तिची खोली मी पाहिलेली आहे. चांगली आहे. खिडकीतून उभ्या केलेल्या मोटारी दिसतात. जावई सज्जन आहे, इतका की मी समोर आले की टीव्हीचा आवाज कमी करतो. तिकडे मी चार दिवस गेले तरी चहा विचारून करते. आणि हे घर? हे मी चादरींवर चादरी सरळ करून घेतलंय आणि ह्यांनी लोकांच्या घड्याळांतली धूळ काढून. भांडी कुठे आहेत ते मला अंधारात कळतं. भिंतीचा कोणता कोपरा ओल धरतो तेही कळतं. मी दमलेय, ते मला मान्य आहे. अलीकडे सकाळी उठते तीच दमून. पण दमायचं तर आपल्या घरात दमावं, दुसऱ्याच्या खोलीत पाहुणी होऊन कशाला?

मी तेवढं सगळं बोलले नाही. फक्त म्हटलं, "मी इथून हलणार नाही."

मुलगी म्हणाली, "ठीक आहे. मी शिकवते ते रोज करायचं. उन्हाळा लागला की मी येईन. दोघांनी खाली बसायचं आणि खुर्चीला हात न लावता उठून दाखवायचं. जमलं, तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही जमलं, तर मुकाट्याने सामान बांधायचं."

"बांधू," मी म्हटलं. सगळं ह्यांच्या मांड्यांवर येऊन ठेपलंय, असं मी मनात धरलं.

मग तिने दाखवलं. छातीवर हाताची घडी घालून खुर्चीतून उठायचं, बसायचं. सिंकला धरून टाचा वर उचलायच्या. जिन्याच्या एका पायरीवर चढ-उतर. थोडी ताकद आली की खाली बसायचं, कुशीवर वळायचं, गुडघ्यांवर यायचं, एक पाय पुढे आणि वर. ती मला "आई, तू पण ये" म्हणाली तेव्हा मी चहा गाळत होते.

"तू ह्यांना दाखव. मी बघून ठेवते. नंतर करवून मलाच घ्यायचंय."

"तुझ्यासाठी पण आहे हे."

"मला कसला व्यायाम? दिवसभर राबतेय ते काय मग?"

 वाद घालायचं त्राण नव्हतं तिच्यात. ह्यांना म्हणाली, "बाबा, वय झालं की स्नायू झिजतात. वापरले नाहीत की जास्तच. पण कुठल्याही वयात थोडे परत येतात. पूर्वीसारखे नाही, उठण्यापुरते." ह्यांनी मान डोलावली. मी चहा आणून ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून मी कंबर कसली. ह्यांच्या आधी उठायचे, खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायचे, टॉवेल, पाण्याचा पेला. मग ह्यांना उठवायचं, हे एक वेगळंच काम. अंगावरचं पांघरूण ओढलं की हे पाय पोटाशी घ्यायचे.

"जुन्या घड्याळाला एवढी किल्ली देऊ नये गं. स्प्रिंग तुटते."

"कुरकुर नंतर, आधी उठा."

पहिल्या दिवशी हाताची घडी घालून हे खुर्चीतून उठलेच नाहीत. पुढे झुकायचे, मागे पडायचे, पुढे झुकायचे, मागे पडायचे. मला हसूही येत होतं आणि रडूही. मग उशी घालून खुर्ची उंच केली. तेव्हा उठले, पाय थरथरत होते. "अजून एकदा," मी म्हटलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, दुकानात कोणी पाण्यात पडलेलं घड्याळ आणून आजच्या आज द्या म्हणालं की पाहायचे, तसं. पण बसले आणि पुन्हा उठले.

आठवडे गेले. मी ह्यांच्या घामाचे बनियन धुतले, पोटऱ्यांना तेल लावलं, अंडी उकडली, दारात, जिन्याच्या तोंडाशी उभी राहून "चला, चला" केलं. तिथे मी नुसती उभी असायचे, चढायचे हेच. मधूनमधून ह्यांचा संप व्हायचा. एक दिवस म्हणाले, कंबर दुखतेय. मी म्हटलं, माझी कधीची दुखतेय, मी कोणाला सांगते का? दुसऱ्या दिवशी उठले.

मग एकदा उशी काढली तरी उठले. पुढे जिन्याच्या पहिल्या वळणावर थांबणं थांबलं. त्या दिवशी मी दारातूनच ओरडले, "मीटर बघायचा राहिला!" खालून हसण्याचा आवाज आला. हा माणूस जिन्यात हसतो, एवढा श्वास ह्यांच्याकडे शिल्लक राहतो, हे मी किती वर्षांनी ऐकत होते कोण जाणे. पाव आणायला जायला लागले. मग भाजी. मग पोस्टमनच्या फेरीत अर्ध्या वाटेपर्यंत. रात्री पडल्या पडल्या घोरायला लागले, आणि मी छताकडे बघत पडून राहायचे. पाय ठणकायचे.

खरं सांगते, मला थोडा हेवा वाटायला लागला. माझ्या हाताखाली हा माणूस खुलत चालला होता आणि मी तेवढीच वाळत. ह्यांना कोणीतरी सकाळी उठवणारं होतं, पाणी देणारं होतं, शाबास म्हणणारं होतं. मला कोण होतं? पण हे कोणाला म्हणायचं? घर वाचवायचं होतं. मी दात आवळून कामाला लागायचे.

त्याच दिवसांत मी स्वयंपाकघराची मांडणी बदलली. खालच्या कपाटातलं सगळं वर आणून ओट्यावर मांडलं. वाकायला नको. फडकं टाकून लांब दांड्याचा पोछा आणला. धुण्याची बादली स्टुलावर ठेवायला लागले. माझ्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं. काही खाली पडलं की मी नुसती बघायचे आणि हे उचलून द्यायचे. "व्यायाम होतो तुमचा," मी म्हणायचे. भाजी हेच आणत, मग मला खाली जायचं कारणच उरलं नाही. जिना मी शेवटचा कधी उतरले ते आठवेना. मला ती चैन वाटली. एवढं राबल्यावर माणसाला तेवढी चैन नको?

ह्यांनी एकदोनदा म्हणून पाहिलं. खुर्चीवरून उठून, घाम पुसत म्हणायचे, "तू बस ना आता. मी मोजतो."

"भाजी कोण चिरेल?"

"मी चिरतो."

"बोटं कापून घ्याल. बाजूला व्हा."

मग ते बाजूला व्हायचे. बोलणं वाढवायची ह्यांना सवय नाही. जन्मभर छोट्या छोट्या चाकांशी बोलत बसलेला माणूस.

उन्हाळा लागला. मुलीचा फोन आला, अमुक दिवशी सकाळच्या गाडीने निघते, दुपारपर्यंत पोचते. आदल्या दिवशी आम्ही रंगीत तालीम केली. हे फरशीवर बसले, कुशीवर वळले, गुडघ्यांवर आले, पाय पुढे टाकला आणि उठले. कशालाही हात न लावता. वर माझ्याकडे बघून कोट झटकल्यासारखे हात झटकले. मला भरून आलं. जिंकलो, असं वाटलं. घर राहिलं.

"तुझं काय?" हे म्हणाले.

"माझं काय?"

"ती तुलाही सांगेल. दोघांनी म्हणाली होती."

"सांगू दे. मी काय आजारी आहे का? उठेन की."

ह्यांनी मान हलवली आणि टेबलाकडे गेले. भिंग डोळ्याला लावलं, पण हातात घड्याळ नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे पाव आणायला गेले. मुलगी यायला अवकाश होता. ओटा पुसून झाला होता, आमटी शिजत होती ती मी उतरवली. म्हटलं, एकदा करून बघू. लेकीपुढे उगाच अडखळायला नको. टेबलाच्या कडेला धरून खाली बसायला लागले. गुडघे कडकड वाजले. अर्ध्या वाटेत हातांना वजन पेलेना आणि मी बसले, धप्पकन.

मग उठायला लागले.

मला सगळं पाठ होतं. ह्यांना रोज सांगत होते ना. हात बाजूला टेका. कुशीवर वळा. वळले. गुडघ्यांवर या. आले, कशीबशी, तोंडातून आवाज निघाला. आता एक पाय पुढे. पाय पुढे येईना. मी मनात म्हणत होते, ये, ये, आणि मांडी दुसऱ्या कोणाची असावी तशी पडून होती. हाताने पाऊल पकडून ओढलं, तर तोल गेला आणि पुन्हा बसले. पुन्हा वळले. पुन्हा तेच. खुर्चीला हात न लावता राहिलं बाजूला, मी खुर्चीला हात लावला. ती भिंतीला टेकलेली नव्हती, सरकली. रोज ह्यांच्यासाठी मीच भिंतीला टेकवायचे. घामाने पाठ ओली झाली. मी लाँड्रीत कधी अशी घामाघूम झाले नव्हते, तिथे वाफ होती तरी.

मला भीती वाटली. पडण्याची नव्हे, खाली तर होतेच मी. घर जाणार आणि ते माझ्यामुळे जाणार, याची. एवढे दिवस मी चुकीच्या माणसाला उठवत होते.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. दोघांची होती. मुलगी आधीच्या गाडीने लवकर आली होती आणि हे तिला खालीच भेटले असणार. एक पाऊल वळणावर थांबत होतं, बॅग जड असेल तिची. दुसरं थांबत नव्हतं. ते पाऊल माझ्या परिचयाचं होतं, रोज सकाळी उठून मीच त्याला तयार केलं होतं. ते भराभर वर येत होतं आणि मला काहीही सुचत नव्हतं. सिंकचा पाइप धरला. ओट्याच्या कडेला बोटं पोचवायला पाहिली. दार उघडलं.

"आई?"

"झाकण पडलंय. शोधतेय."

मुलीने ओट्यावर पाहिलं. झाकण आमटीच्या पातेल्यावर होतं. तिने बॅग खाली ठेवली आणि माझ्याकडे यायला निघाली. ह्यांनी हात आडवा केला.

"थांब. मी बघतो."

पाव टेबलावर ठेवला. खुर्ची उचलून माझ्या समोर आणली, मागचे पाय भिंतीला टेकवले. दुसरी खुर्ची हाताशी ठेवली. मग माझ्या बाजूला गुडघ्यावर बसले, सहज, काही विशेष नाही अशा थाटात.

"ओढणार नाहीये मी तुला. कुशीवर वळ. हं. आता गुडघ्यांवर. घाई नाही. दोन्ही हात खुर्चीवर ठेव."

माझं पाऊल ह्यांनी तळहातावर घेतलं आणि पुढे आणून फरशीवर टेकवलं. खांदा माझ्या काखेखाली दिला. "आता पुढे झुक आणि वर." मी वर आले. दुसरी खुर्ची ह्यांनी पायाने माझ्या मागे सरकवली आणि मी बसले. ह्यांना धाप लागली होती, पण ते उभे होते.

मुलगी हाताची घडी घालून बघत होती. एकदाही पुढे झाली नाही.

"हे कधी शिकलात?" मी विचारलं.

"हिला फोनवर विचारलं होतं. तू पडलीस त्यानंतर." श्वास घेतला. "तुला काय वाटलं, पोस्टमनशी शर्यत लावायला उठाबशा काढत होतो?"

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?" मग खाली फरशीकडे बघत म्हणाले, "तू हात पुढे केलास आणि मला तुला उठवता आलं नाही. मला ते विसरता येत नाही गं. रोज खुर्चीत बसलो की तेच दिसायचं."

 पन्नास वर्षांच्या संसारात हा माणूस पहिल्यांदाच सलग एवढं बोलला. मी इतके दिवस समजत होते, की मी ह्यांना ढकलतेय.

ह्यांनी मुलीकडे वळून म्हटलं, "बघितलंस ना? ती पडली तर मी उठवीन. आम्ही इथेच राहतो."

मुलीने डोळे चोळले. म्हणाली, "छान उठवलंत, बाबा. आमच्याकडच्या शिकाऊ पोरांनाही इतकं नीट जमत नाही." मग हळू आवाजात विचारलं, "आणि तुम्ही पाव आणायला गेलेले असाल तेव्हा?"

 पातेल्यातली आमटी गार होत होती.

"आत्ता तेच झालं ना? तुम्ही पाव आणायला गेला होतात."

मग माझा बांध फुटला. "मी दमलेय गं," मी म्हटलं, आणि ते इतक्या मोठ्याने निघालं की मीच दचकले. "सकाळपासून रात्रीपर्यंत उभी असते मी. जन्म उभी राहिले. ह्यांना घडवलं मी एवढे दिवस. आणि मलाच उठता येत नाही? हा कुठला न्याय?"

मुलगी माझ्यासमोर फरशीवर बसली. बसताना तिने कंबरेवर हात ठेवला ते मी पाहिलं.

"दमलीस ते खरंच आहे, आई. पण दमणं म्हणजे व्यायाम नाही. इस्त्रीच्या टेबलाशी तुझा हात चालायचा. गुडघा वाकायचा कधी? ओट्याशी तेच. आणि आता तर तू सगळंच वर आणून ठेवलंयस." तिने ओट्यावरच्या डब्यांच्या रांगेकडे पाहिलं. "हे कोणी मांडलं असं?"

"मीच."

"वाटलंच. आमच्या वॉर्डात येतात ना, त्यांच्या घरी असंच असतं सगळं. हाताशी."

मला तिचा राग आला. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि राग गेला. ही दिवसभर दुसऱ्यांच्या आयांना उठवते आणि रात्री घरी जाऊन माझा फोन येतो का बघत बसते.

"सामान बांधू?" मी विचारलं. मी खरंच विचारलं. बोललेला शब्द होता.

ती ह्यांच्याकडे बघत राहिली, मग माझ्या पायांकडे. एक हात माझ्या मांडीवर ठेवला आणि दाबून पाहिलं, गिऱ्हाइकाने कापड बघावं तसं.

"थंडी पडायच्या आत पुन्हा येईन," ती म्हणाली. "ही शेवटची मुदत. या वेळी फक्त तुझं बघायला. आणि आई, ते डबे आजच खाली ठेवायचे. वाकून काढायचे."

"आणि वाकले ती वाकलेलीच राहिले तर?"

"बाबा आहेत. हाक मार. पण आधी स्वतः प्रयत्न कर."

डबे तिने आणि ह्यांनी मिळून खाली लावले. मी खुर्चीत बसून कुठला कुठे ते सांगत होते. दोन दिवस राहून ती गेली. जाताना जिन्यात एकदाच थांबली, वर बघून हात केला आणि मग तिची पावलं खाली खाली गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या अंगावरचं पांघरूण कोणीतरी ओढलं. मी पाय पोटाशी घेतले. स्वयंपाकघरात खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली होती, वर उशी. टॉवेल, पाण्याचा पेला. चहाही केला होता ह्यांनी, तो तर नुसतं कोमट पाणीच.

मी बसले. हाताची घडी घातली, पुढे झुकले, मागे पडले. पुन्हा झुकले, पुन्हा पडले. मांड्या पेटल्या. काल रात्री भांडी घासून पाठ आधीच मोडली होती, आणि आता हे. मी म्हटलं, आज राहू दे, अहो. उद्यापासून. आज खरंच अंगात काही नाही.

हे समोर उभे होते, खांद्यावर टॉवेल टाकून, मी उभी राहायचे अगदी तसे. चेहरा गंभीर. मिशीखाली काहीतरी हलत होतं.

"कुरकुर नंतर," म्हणाले, "आधी ऊठ."

घडी सोडली, खुर्चीला दोन्ही हात लावले आणि उठले. पाय लटलटत होते, डोळ्यांत पाणी होतं, पण आपल्या घरात, आपल्या फरशीवर, कोणी न ओढता उठले. ह्यांच्याकडे पाहिलं, म्हटलं आता तरी शाबास म्हणतील.

"बस," हे म्हणाले. "अजून एकदा."